कोड आला म्हणजे पार्ट गेला का?

"दादा, स्कॅनरवर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा नंबर) आलाय, मग तोच पार्ट टाकायचा ना?" नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजवर हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. नाही टाकायचा, निदान लगेच तरी नाही.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण ट्यून केलेली, म्हणजे ताकद वाढवायला कॉम्प्युटरची फाइल बदललेली, टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला. कसारा घाट चढताना ओढ गेली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०२९९. दुसरीकडे त्याला "टर्बो गेला" म्हणून सांगितलं होतं, पोरगा पार खचला होता. पण या कोडचा अर्थ इतकाच की कॉम्प्युटरने मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, मिळाला नाही. का नाही मिळाला, ते आपण शोधायचं.

आधी फ्रीझ फ्रेम बघितली. कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, लोड, वेग त्यात साठवलेले असतात. कोड पुसला की तेही जातं, म्हणून हात जोडून सांगतो, गाडी आणण्याआधी कोड पुसू नका. दोष फुल लोडवरच आला होता. मग पाइपांमध्ये दाबाने धूर सोडला, तर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला क्लँपखाली बारीक चीर! कंपनीच्या बूस्टला ती मिटलेली राहायची, ट्यूनने दाब वाढला की उघडायची. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे हवाच मुंबईपेक्षा विरळ, तेवढाच दाब भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. म्हणून मुंबईत चांगली पळणारी गाडी घाटात अडली. होज बदलला. टर्बो अजून तोच आहे.

पी०३०१, म्हणजे एक नंबर सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) आला, तर त्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, दोन नंबरच्या कॉइलशी अदलाबदल करून बघा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. नाही हलला, तर प्लग बघा. वाढीव बूस्टला ठिणगी विझते, प्लगच्या टोकांमधला गॅप थोडा कमी ठेवावा लागतो. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

मला खरा राग येतो तो ट्यूनच्या फाइलमध्ये कोडच बंद करून देणाऱ्यांचा; मग दोष असला तरी स्कॅनरवर काही दिसत नाही. म्हणून अशी गाडी आली की स्कॅनर लावायच्या आधी मी मालकाला विचारतो, फाइलमध्ये काय काय बंद केलंय?