मुरमाच्या मैदानावरची हॉकी
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या मुरमाड मैदानावर चेंडू सरळ येतच नाही. त्यामुळे मुले तो सावधपणे अडवायला शिकतात, पण टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सरसरत आला की तीच सावधगिरी उशीर ठरते. 1976 च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. आता 15 मिनिटांची चार सत्रे आणि हवे तेव्हा खेळाडू बदलण्याची मुभा असल्याने, संथपणे तासभर धावण्यापेक्षा छोट्या, वेगवान धावा घेऊन लगेच सावरणे महत्त्वाचे असते. लीगमध्ये खेळण्याची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांना मी पूर्वी गावाभोवती फेऱ्या मारायला लावत असे. चूक माझीच होती.

खरा प्रश्न कमरेचा आहे. वाकून खेळायचे म्हणजे पाठ वाकवायची नव्हे, तर गुडघ्यांतून खाली बसायचे, आणि कापूस वेचून आलेल्या मुलांची पाठ आधीच थकलेली असते. ड्रॅग फ्लिकची, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे जोरात फेकण्याची, घाई तर मी मुळीच करू देत नाही, कारण त्यातील ताकद मनगटापेक्षा पाय आणि धडाच्या फिरकीतून येते, आणि वाढत्या वयातील मणक्याला तो पीळ रोज पन्नास वेळा सोसवत नाही. उलट्या स्टिकचा, म्हणजे स्टिक फिरवून डावीकडचा चेंडू खेळण्याचा, सराव मात्र लहानपणापासून, रोज करून घेतो.