आमची वाटचाल: धरलेलं चाक सोडवताना

नागपुरात कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. सुरुवातीला टिनाचं शेड, एक जॅक, लाकडाचे चार ठोकळे आणि मामांनी दिलेली पान्यांची पेटी, एवढंच भांडवल होतं. मामा ट्रकचे मिस्त्री. त्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सगळं ड्रम ब्रेकचं काम: ड्रम काढा, लायनर बघा, स्प्रिंग बसवा, ॲडजस्ट करा. 1998 मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत समोरच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या आमच्या दारात रोज दिसू लागल्या. पॅड बदलणं हातात बसलं होतं. डिस्कचं काम आपल्याला येतं, असं मी धरून चाललो होतो.

मग सरांची गाडी आली. वर्ध्याला शिक्षक होते, गाडी बारा वर्षं वापरलेली. म्हणाले, "डावीकडे ओढून राहिली भाऊ, अन् थांबलं की चाकातून जळका वास येते." डावं चाक खरोखरच तापलेलं होतं. मी कॅलिपर, म्हणजे आतल्या पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, खोलला, सीलची किट टाकली, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, हवा काढली. ट्रायलला गाडी सरळ चालली. पैसे घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बुटीबोरीच्या पुढे चाक जाम, धूर निघतोय. गाडीत सरांची आई होती, मे महिना होता, पारा 45 च्या वर. मी हेल्परला घेऊन पोचलो तेव्हा त्या माउली रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली डोक्यावर ओला पंचा घेऊन बसल्या होत्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते मला आजही टोचतं.

चाक थंड होऊ दिलं, जॅक लावला. हाताने फिरेना. कॅलिपर पुन्हा खोलण्याआधी ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू, थोडा सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं झालं. म्हणजे कॅलिपर अडकलेलाच नव्हता. पायडल सोडल्यावरही दाब आतच कोंडून राहत होता, आणि मी ज्याचे पैसे घेतले त्या कामाची गरजच नव्हती. कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी होज पाइप नवा टाकला आणि जुना घरी आणून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून रबर साबूत, एक भेग नाही. आतलं अस्तर मात्र फुगून सुटलं होतं आणि त्याची एक जीभ भोकावर आडवी आली होती. पायाच्या जोराने ऑइल तिला ढकलून पुढे जायचं, पण परत यायला जोर लागतो तो कुठून येणार? डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी काठाची रबरी सील दाबाने किंचित पिळते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्या ताकदीने ती जीभ उघडत नाही.

सरांना किटचे आणि मजुरीचे पैसे परत केले. तेव्हापासून आमच्याकडे ब्रेक धरणाऱ्या गाडीचा एकही पार्ट तपासणीशिवाय निघत नाही.

तपासणी अशी. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चाक हाताने फिरवायचं. एकाने पायडल दाबून सोडायचं, दुसऱ्याने चाक बघायचं. धरून राहिलं की निपल सैल करायचा. चाक सुटलं नाही तर दोष कॅलिपरमध्येच: पिस्टन गंजलेला किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिन सुकलेल्या. सुटलं तर दाब वर कुठेतरी अडकलाय. मग निपल बंद करून, पुन्हा पायडल मारून, होजच्या अलीकडचा लोखंडी पाइपचा जॉइंट सैल करायचा. तिथे सुटलं नाही तर होज गेला. सुटलं तर पायडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे जायचं. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंग उठतो.

मास्टरची एक गोष्ट नागपूरकरांनी ध्यानात ठेवावी. सकाळी गाडी छान, दुपारी ट्रॅफिकमध्ये दोन्ही चाकं धरतात, संध्याकाळी उभी राहिली की पुन्हा छान. अशा गाड्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मास्टरमध्ये ऑइल टाकीकडे परत जायला एक बारीक भोक असतं. कचऱ्याने ते बुजलं, किंवा पायडलकडून पिस्टन ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, जरा लांब बसला आणि पिस्टन पूर्ण मागे येईना, की तापून फुगलेल्या ऑइलला जायला जागा उरत नाही. ब्रेक आपोआप लागत जातो. बरेचदा नुकताच मास्टर बदललेला असतो आणि पायडलची मोकळी चाल कोणी बघितलेली नसते.

जुन्या गाड्यांत पिस्टनचं काम तरीही सर्वांत जास्त निघतं. डस्ट कव्हर फाटतं, पावसाचं पाणी शिरतं आणि पिस्टनच्या चकचकीत क्रोमवर मोहरीएवढे खड्डे पडतात. नखाला खड्डा लागला तर तो पिस्टन आम्ही घासून परत टाकत नाही. मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि गाडी चार-चार महिने पोर्चमध्ये उभी, अशा घरांतून ही कामं फार येतात. काकाकाकूंना मी सांगतो, आठवड्यातून एकदा तरी चौकापर्यंत चक्कर मारा.

ग्रीसबद्दल मी वाद घालतो. बेअरिंगचं साधं ग्रीस गाइड पिनला लावलं की रबर फुगतं आणि पिन आणखीच अडकते. पेट्रोल-डिझेलने सील धुणं तसंच घातक. आमच्याकडे रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच वापरतात आणि सील धुतात ती ताज्या ब्रेक ऑइलने.

धंद्याचं म्हणाल तर पहिली काही वर्षं ओढाताणीची गेली. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, ते लोकांना पटेना. "नुसतं पाहाचे पैसे?" म्हणून बरेच जण वळले. घर चालवणारी माझी बायको तेव्हा खंबीर राहिली. तिने एक रजिस्टर सुरू केलं: गाडी नंबर, दोष कुठे निघाला, ब्रेक ऑइल कधी बदललं. दोन वर्षं झाली की ती स्वतः फोन करते, कारण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजेपणी किमान 205 अंश धरतात, ओल शोषलेल्याचा 140. आतून गंज लागतो तो वेगळाच. त्या फोनांनी आमचं गॅरेज उभं राहिलं. आज तीन मुलं कामाला आहेत, शेडच्या जागी स्लॅब आहे, आणि गेल्या दसऱ्याला लिफ्टची पूजा केली.

सरांच्या घरी आता सूनबाई गाडी चालवतात, पण दर मार्चमध्ये ती तपासणीला इथेच येते. त्यांचा चिरलेला होज टेबलावरच्या खिळ्याला टांगलेला आहे. नवा पोरगा कामावर आला की पहिल्या दिवशी तो त्याच्या हातात देतो आणि आतून बोट फिरवायला सांगतो.