मूठ कुठे धरायची

कोथरूडमधील एका हॉलवर मी लहान मुलांना बॅडमिंटन शिकवते. मे महिन्याच्या एका शिबिरात, तिसऱ्या दिवशी, सहा वर्षांच्या एका मुलीची चूक मी पुन्हा सुधारायला गेले आणि चूक माझीच होती हे मला उमगले.

ती रॅकेट खालच्या मुठीला न धरता पार वर, चौकटीच्या लगेच खाली धरत असे. मी दोन दिवस तिचा हात खाली सरकवत होते आणि हात खाली आला की शटल हुकत होते. मोठ्यांची रॅकेट सुमारे ६७ सेंटिमीटर लांब, म्हणजे तिच्या अख्ख्या हाताहून लांब. तिचा हात वेळेवर योग्य जागी पोहोचत होता, पण तारा त्या हातापासून फार दूर होत्या. तिने आपल्यापुरता उपाय शोधला होता आणि तो मी मोडत होते, याचे मला फार वाईट वाटले.

मी सगळ्यांच्या रॅकेटी खाली ठेवायला लावल्या. नेट खांबापाशी १.५५ मीटर उंच, या मुलांच्या डोक्याच्याही वर; ते सोडून दोन खुर्च्यांना त्यांच्या छातीइतकी उंच सुतळी बांधली, उकाडा असूनही पंखे बंद केले आणि फुगे आणले. फुगा सावकाश उतरतो, त्यामुळे पाहणे, पाय हलवणे आणि मारणे या तिन्हींना सवड मिळते. शटल ती सवड देत नाही. आधी तळहाताने, मग पुठ्ठ्याच्या फळीने मारायचे, आणि फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढाच नियम.

एका मुलाचे आजोबा उठून आले. "मॅडम, आम्ही नंदू नाटेकरांचा खेळ पाहिलेली माणसं. नातवाला फुगे उडवायला नाही पाठवलं." नाटेकर म्हणजे १९५६ मध्ये परदेशातील स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू; त्यांना खेळताना पाहिलेल्या माणसाचा राग मला रास्तच वाटला. "काका, फुग्याकडे नको, त्याच्या पायांकडे बघा," एवढेच मी म्हणाले. दोन दिवस जागचा न हललेला तो मुलगा फुग्याखाली पोहोचण्यासाठी कधी मागे, कधी आडवा धावत होता, आणि कोर्टवर मला त्याच्याकडून नेमके तेच हवे होते. आजोबा बराच वेळ उभे राहून पाहत राहिले. मग रिकाम्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी स्वतः आणखी दोन फुगे फुगवले.

शेवटच्या अर्ध्या तासात रॅकेटी परत दिल्या. त्या मुलीने नेहमीप्रमाणे वर धरली. मी हात लावला नाही. मी हाताने अलगद टाकलेली शटले सुतळीपलीकडे जाऊ लागली. पाचव्या दिवशी तिनेच विचारले, "ताई, थोडी खाली धरू?" आणि ती दोन बोटे खाली सरकली. आता प्रत्येक मुलाच्या रॅकेटवर, त्याची मूठ आज जिथे बसते तिथे, मी रंगीत चिकटपट्टी लावते आणि ती खाली कधी सरकवायची ते मुलांनाच ठरवू देते.