तुम्ही विचारलंत म्हणून: रूट वर्ड्स पाठ करावेत का?

मुलं विचारतात, पालकही विचारतात: ग्रीक-लॅटिन रूट वर्ड्स पाठ केले की इंग्रजी शब्द आपोआप कळतात ना? "हो की नाही, एवढंच सांगा." तेवढंच मला सांगता येत नाही.

पूर्वी मी बेधडक हो म्हणायचे. फळ्यावर 'स्पेक्ट', म्हणजे पाहणं. त्याखाली इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट. लॅटिन 'पेदिस' आणि आपला 'पाद' एकाच कुळातले म्हटलं की पोरं सरसावून बसायची. "डिक्शनरी लागणारच नाही," हे माझं पहिल्या दिवशीचं वाक्य.

मग एका विद्यार्थिनीनं शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्या मार्गदर्शकांना 'इग्रीजस स्कॉलर' म्हटलं. शब्द माझ्याच वर्गातला. 'एक्स' म्हणजे बाहेर, 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा. व्युत्पत्ती चोख. इंग्रजीत एके काळी तो कौतुकानंही वापरत. आज मात्र त्याचा अर्थ ढळढळीत वाईट. सहीसाठी दिलेला कागद सरांनी सही न करताच परत केला. त्या शब्दाभोवती लाल शाईचा गोल, दोनदा फिरवलेला, आणि समासात एकच ओळ: "मी तुझं काय वाईट केलं?" कागद माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं."

आणि मी काय म्हणाले? "डिक्शनरी बघायची नाही का?"

मी अर्थ चुकीचा सांगितला नव्हता, हे मी स्वतःला कितीतरी दिवस बजावत होते. पण मूळ सांगून मी थांबले होते. वास्तविक मी संस्कृत शिकलेली. आहार, विहार, प्रहार, संहार, सगळे एकाच 'हृ' धातूचे. 'हृ' म्हणजे नेणं, एवढ्यावरून परक्या माणसाला 'आहार' म्हणजे जेवण हे कधी कळेल का?

तरी रूट्स सोडा असंही मी म्हणणार नाही. गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस पाहा. 'आयटिस' म्हणजे दाह, हे एकदा कळलं की अशा आजारांची नावं उलगडत जातात, कारण वैद्यकातले बरेच शब्द मुळं जोडून मुद्दाम घडवलेले आहेत. रोजच्या वापरातले शब्द माणसांच्या तोंडी झिजलेले, त्यांचा भरवसा नाही. आणि वैद्यकातही गफलत होतेच. 'पेडल'मधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. 'पीडिअ‍ॅट्रिशियन'मधला ग्रीक, म्हणजे मूल.

'स्पेक्ट' मी अजून फळ्यावर लिहिते. 'इग्रीजस' लिहायला मात्र हात धजत नाही. खरं तर पहिल्याच दिवशी तोच लिहायला हवा, हेही मला कळतं.