तुम्ही विचारलंत म्हणून: पैशांच्या पुस्तकांनी काय दिलं?

"मावशी, एवढी पैशांवरची पुस्तकं वाचतेस, त्याने खरंच काही फरक पडला का?" भाची विचारते, ऑफिसातल्या मुली विचारतात. त्या जोडीला ठरलेला दुसरा प्रश्न : एकच पुस्तक सांगायचं तर कोणतं?

फरक पडला. पण ज्या पानांनी पडला ती फार थोडी आहेत.

सुरुवात जॉर्ज क्लासन या अमेरिकन लेखकाच्या 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलोन' या बॅबिलोनच्या गोष्टींच्या पुस्तकापासून झाली. पुस्तक 1926 सालचं. त्यातल्या गोष्टी आधी छोट्या पुस्तिकांच्या रूपात निघाल्या आणि अमेरिकेतल्या बँका, विमा कंपन्या त्या गिऱ्हाइकांना वाटत. सांगणं एवढंच, की मिळकतीचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढ, मग खर्चाला हात लाव. वाचताना मला आईची भिशी आठवली. बारा बायका, महिन्याला पाचशे रुपये, पाच तारखेच्या आत. एखाद्या आठवड्यात भाजी कमी यायची, पण भिशी कधी चुकली नाही. "उरलं तर बघू" हे वाक्य आईच्या तोंडी नव्हतं. माझ्या तोंडी होतं, आणि माझ्याकडे कधी काही उरत नव्हतं. त्याच आठवड्यात बँकेत जाऊन पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची ठेव, कापली जाईल असं सांगून आले.

दुसरं पान 72 च्या हिशोबाचं. 72 ला व्याजदराने भागा. पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. पीपीएफचे, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्याचे, 7.1 टक्के धरले तर दहा वर्षं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साधारण तीन टक्के लागतात, म्हणजे तिथे 72 ला तिनाने भागायचं. चोवीस महिन्यांत कर्ज दुप्पट!

हे कळलं त्या रात्री जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या विमा पॉलिसीचे कागद पसरले. वर्षाला 24,000, वीस वर्षं, शेवटी बोनससकट पावणेनऊ लाखांच्या आसपास. परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतच बसत होता. तेवढेच पैसे वीस वर्षं 7.1 टक्क्यांनी वाढले असते तर साडेदहा लाखांच्या वर गेले असते. पण माझा जीव दुसऱ्याच आकड्यावर अडकला. विमा होता पाच लाखांचा, म्हणजे नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर आम्हाला मिळणार तेवढे, आणि घरखर्च महिन्याला चाळीस हजार. पाच लाख भागिले चाळीस हजार, साडेबारा महिने. मुलगी तेव्हा चौथीत होती. मी कॅल्क्युलेटर नवऱ्यासमोर सरकवला. त्याने दोनदा तेच गणित केलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात टर्म इन्शुरन्स, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, घेतला आणि जुनी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच चालू ठेवली. ती नात्यातल्याच माणसाकडून घेतलेली, त्यामुळे थोडी नाराजी झाली. ती सोसली.

सवयींच्या पुस्तकांत सांगतात, रोज केलेल्या कामाची खूण करत जा. आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची, तेच हे. मी चौकटीत दिवसाचा खर्च लिहू लागले, फक्त एक आकडा. पुस्तकं बाहेरची कॉफी बंद करा म्हणतात. आमच्याकडे कॉफीत काहीच जात नव्हतं. पैसे जात होते आहेरात. एका मे महिन्यात लग्नं, मुंजी आणि त्यासाठीचा प्रवास मिळून 18,000. ते थांबवायचे नव्हते, माणसं आपलीच. म्हणून आता वर्षभर महिन्याला दीड हजार त्यासाठी वेगळे टाकते, आणि लग्नाला मोकळ्या मनाने जाते.

मात्र "श्रीमंतीचा विचार करा, श्रीमंत व्हाल" असं सांगणाऱ्या पुस्तकांचा मला राग येतो. पहाटे पाचला उठा म्हणे. ज्या वस्तीत नळाला साडेचारला पाणी येतं तिथल्या बायका त्याआधीच उठलेल्या असतात. पावसाने ओढ दिली म्हणून ज्याचं सोयाबीन गेलं, त्याच्या विचारात खोट होती असं म्हणणं हा अन्याय आहे. ही पुस्तकं माणसाला स्वतःच्याच नजरेत पाडतात. मी ती कुणाला देत नाही.

तर कोणतं पुस्तक? भाचीला म्हटलं, ते नंतर सांगते, आधी तुझ्या पॉलिसीचे कागद घेऊन ये. ती मागच्या रविवारी आली. वर्षाला किती भरतेस, किती वर्षं भरायचे, शेवटी किती मिळणार, आणि विमा कितीचा? पहिले तीन आकडे तिला तोंडपाठ होते. चौथा शोधायला अर्धा तास लागला. तिसऱ्या पानावर, खालच्या तक्त्यात होता.