कौन्सिल आईबाप असते तेव्हा

मागच्या शनिवारी एका रिकाम्या फ्लॅटमध्ये खाली बसून आम्ही दोघांनी यादी केली, बेड, फ्रिज, भांडी, झाडू, पडदे, कॅन ओपनर. फ्लॅट कौन्सिलचा, म्हणजे इंग्लंडमधल्या नगरपालिकेचा, कार्पेट नाही की काही नाही, नुसती उघडी जमीन. हा फ्लॅट ज्याला मिळाला तो पोरगा गेल्याच महिन्यात १८ चा झाला, माझा नाही, कौन्सिलने सांभाळलेला. त्याचं नाव, गाव काही लिहिणार नाही, तो त्याचा विषय आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना कौन्सिल म्हणजे कचऱ्याच्या बिन्स, कौन्सिल टॅक्स आणि फार तर शाळेचं अ‍ॅडमिशन. मलाही इथे आठ वर्षं काढल्यावर कळलं की हीच कौन्सिल काही मुलांची पालक पण असते. घरी मूल सुरक्षित नसेल तर १९८९ च्या चिल्ड्रेन अ‍ॅक्टनुसार कौन्सिल त्याला आपल्याकडे घेते, कधी आईवडिलांच्या संमतीने, कधी कोर्टाच्या ऑर्डरने. कॉर्पोरेट पॅरेंट म्हणतात त्याला. मार्च २०२४ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये अशी ८३ हजारांच्या वर मुलं होती. साधारण दोन-तृतीयांश फॉस्टर केअररच्या, म्हणजे अशी मुलं आपल्या घरात सांभाळणाऱ्यांच्या, घरी राहतात, बाकीची चिल्ड्रेन्स होममध्ये नाही तर अजून कुठे कुठे.

मी यात आले ती इंडिपेंडंट व्हिजिटर म्हणून. ज्या मुलाला भेटायला घरचं कोणी फारसं येत नाही आणि ज्याला अशा माणसाचा उपयोग होईल त्याला कौन्सिलने एक बाहेरचा माणूस द्यायचा, हे कायद्यातच आहे. पगार नाही, महिन्यातून एकदा भेटायचं, फिरायला जायचं, खायचं, बोलायचं, खर्च कौन्सिल देते. डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणं, झाला, ट्रेनिंग झालं आणि तो १४ चा असताना आमची पहिली भेट झाली. पहिले दोन तास तो जवळजवळ काहीच बोलला नाही, मग निघताना विचारलं, तुला याचे पैसे मिळतात का. मी नाही म्हटलं तर म्हणाला, मग का येतेस. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, मी एवढंच म्हटलं की पुढच्या महिन्यात पण येईन.

त्या चार वर्षांत त्याचे पाच सोशल वर्कर बदलले. मी कोणा एका माणसाला दोष देत नाही, एकेकाच्या डोक्यावर किती मुलांचं काम असतं ते मी पाहिलंय. पण दर वेळी नवीन माणसापुढे त्याने आपली सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, हे एखाद्या पोराने किती वेळा करायचं? एकदा होम बदललं तेव्हा त्याचं सगळं सामान काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांमधून आलं. मला ते बघवलं नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याच्यासाठी एक बॅग घेतली, अजून वापरतो तो ती.

व्यवस्था कागदावर खूप विचार करून केलेली आहे हे मात्र खरं. मूल केअरमध्ये, म्हणजे कौन्सिलकडे, आलं की २० वर्किंग डेजमध्ये पहिला रिव्ह्यू, मग तीन महिन्यांत, मग दर सहा महिन्यांनी, आणि तो चालवणारा ऑफिसर त्या मुलाच्या केसमधला नसतो. प्रत्येक कौन्सिलमध्ये व्हर्च्युअल स्कूल हेड असतो, या मुलांच्या शिक्षणाचं बघायला. आणि मूल हरवून परत आलं की ७२ तासांत कोणीतरी त्रयस्थाने त्याच्याशी बोलायचं असतं. हे महत्त्वाचं आहे कारण इथल्या ड्रग्जच्या टोळ्या, काउंटी लाइन्स म्हणतात, नेमक्या अशाच पोरांना हेरतात, आधी बूट देतात फोन देतात, मग माल पोचवायला लावतात. आमचा पण एकदा दोन रात्री गायब होता. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

सगळ्यात जास्त चीड मला १८ व्या वाढदिवसाची येते. फॉस्टर घरी असलेलं मूल २०१४ च्या कायद्यामुळे त्याची आणि फॉस्टर केअररची तयारी असेल तर २१ पर्यंत तिथेच राहू शकतं. हा चिल्ड्रेन्स होममध्ये होता, त्याला तो हक्क नाही. म्हणजे ज्याला घर मिळालंच नाही त्यालाच आधी बाहेर काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. आपल्या घरातलं १८ वर्षांचं पोर आठवून बघा, त्याला लाइटचं बिल कुठे भरतात ते तरी माहीत असतं का?

पर्सनल अ‍ॅडव्हायझर, म्हणजे केअरमधून बाहेर पडलेल्याला मदत करणारा माणूस, मात्र २५ पर्यंत मिळतो, २०१७ च्या कायद्याने. आणि नवीन घर लावायला पैसे मिळतात, ती रक्कम सरकारने २०२३ मध्ये २ हजारांवरून ३ हजार पौंड केली. बऱ्याच कौन्सिल या मुलांना कौन्सिल टॅक्स पण माफ करतात. विचारलं नाही तर कोणी सांगत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून विचारा, लिहून मागा.

३ हजारात बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि कार्पेट बसवता बसवता आमची यादी तीनदा खोडून झाली. कुकर मी माझ्याकडून देतेय, त्याला माझ्या हातची मुगाची खिचडी आवडते आणि आता स्वतः करायचीय म्हणतो.

माझी अधिकृत जबाबदारी तो १८ चा झाला तेव्हाच संपली. तुम्ही इथे राहत असाल आणि महिन्यातून एक शनिवार काढू शकत असाल तर आपल्या कौन्सिलला फोन करून इंडिपेंडंट व्हिजिटरबद्दल विचारा, मराठी असण्या-नसण्याचा काही संबंध नाही, मुलं वाट बघतायत.

खिडकीचं माप घेऊन ठेवलंय, १८० सेंटीमीटर. या शनिवारी पडद्याचा रॉड लावायचाय, ड्रिल शेजारच्या काकांकडून मागून घेतलंय.