साम्दी आणि सा-म-दी

आठवीत संस्कृत किंवा फ्रेंच निवडायचं होतं, मी फ्रेंच घेतलं. बाईंनी सुरुवातीला व्याकरणाला हातच लावला नाही. फळ्यावर शब्द लिहायचा, खडूच्या उभ्या रेघांनी त्याची अक्षरं पाडायची आणि ती आमच्याकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असलं तर ते पुढच्या स्वराकडे जातं: पा-री, शो-को-ला. दोन असली तर बहुधा एक मागे, एक पुढे: मेर्-सी. मात्र ब, प, त, क यांच्यासारख्या व्यंजनाला ल किंवा र लागून आला की जोडी फुटत नाही: ता-ब्लो. ‘ता-ब्लो’ आम्हाला लगेच जमलं, कारण आपलं जोडाक्षर असंच पुढच्या स्वराला धरून असतं. ‘मेर्सी’ लिहिताना मात्र रफार पुढच्या अक्षरावर बसतो आणि तोंडातला र् मागेच राहतो. आपण मराठीतही हेच करतो, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुष्कळदा मुकं असतं. ते बाई डस्टरनं झाकायच्या. पुढचा शब्द स्वरानं सुरू होणारा आला की डस्टर उचलायच्या आणि झाकलेलं व्यंजन त्या शब्दाला जाऊन मिळायचं. ‘ले’ (les) मधल्या झाकलेल्या s चा झ व्हायचा आणि ‘ले’ आणि ‘आमी’चं ले-झा-मी व्हायचं. फ्रेंच माणूस बोलू लागला की शब्द सुटे का ऐकू येत नाहीत, हे इतकं स्वच्छ मला पुढे कुणीच दाखवलं नाही.

दहावीत कविता आली. फ्रेंच नाटककार रासीननं १७व्या शतकात ज्या ओळीत शोकांतिका लिहिल्या, ती १२ अक्षरांची. ६ अक्षरांनंतर यती, म्हणजे थांबा. शनिवारला (samedi) बोलताना ‘साम्दी’ म्हणतात, अक्षरं दोन; मधला e लिहिला जातो, पण मुका राहतो. जुन्या पद्यात व्यंजनाआधीचा तो मुका स्वरही मोजायचा: सा-म-दी, तीन. हे ऐकलं आणि मला आजीचे अभंग आठवले. बोलताना आपण ‘चरण्’ म्हणतो. अभंगात च-र-ण अशी तीन अक्षरं भरतात. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरणही ६-६ अक्षरांचेच, चौथा ४ अक्षरांचा.

आता मी मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवते. त्या मुक्या स्वराशी त्यांची जीभ हमखास अडते. मग मी आधी पाठ असलेला अभंग बोटांवर मोजायला सांगते आणि लगेच रासीनची ओळ हातात देते. बहुतेकांची १२ अक्षरं बरोबर भरतात.